एका रात्रीचा मुक्काम: शाळा, भक्तनिवास की शेतातला आखाडा?

१२ ते १७ वयाची ३० लेकरं, सोबत ४ मोठी माणसं आणि एक रात्र. युवक मंडळ असो, बालसभा असो की गावातलं वाचनालय, मराठवाड्यात असा गट बाहेर काढायचा ठरला की राहायला तीन जागा पुढे येतात: एखाद्या गावची शाळा, देवस्थानचं भक्तनिवास, नाहीतर ओळखीच्या माणसाच्या शेतातला आखाडा, म्हणजे रानातली खोली आणि तिच्यापुढची मोकळी जागा. चौथी जागा पोरं हमखास सुचवतात, ती म्हणजे किल्ल्यावर तंबू. ती इथे धरलेली नाही. देवगिरी, वेरूळ, अजिंठा ही संरक्षित स्मारकं आहेत आणि तिथे रात्री थांबता येत नाही. गौताळा अभयारण्यात शिरायचं तर वन विभागाची परवानगी लागते. हे सगळं दिवसाच पाहावं. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, तेवढं बघून वार ठरवा.

जागा निवडताना बहुतेक जण दिवसाचा विचार करतात: काय बघायचं, काय खायचं, कुठे खेळायचं. मुक्कामाची जागा मात्र रात्री दोन वाजता काय होईल यावरून निवडावी. दार कुणाच्या ताब्यात आहे, संडास किती पावलांवर आहे, आजारी लेकरू किती मिनिटांत दवाखान्यात पोचेल, या तीन प्रश्नांवर तिन्ही जागा फार वेगळ्या ठरतात.

दार आणि झोपण्याची मांडणी

शाळेचा मोठा फायदा असा की संपूर्ण इमारत तुमची असते. एका वर्गात मुली, दुसऱ्यात मुलगे आणि मधल्या व्हरांड्यात मोठ्यांची अंथरुणं. मोठ्या माणसांनी लेकरांच्या खोलीत झोपू नये, पण दाराबाहेर दोघांनी असावं, म्हणजे आतून कुणी उठलं की कळतं आणि बाहेरून कुणी येऊ शकत नाही. मुलींच्या दाराशी दोन्ही महिलाच हव्यात. म्हणून चौघांत किमान दोन महिला असल्याच पाहिजेत. एकच येत असेल तर मुलींची सहल पुढे ढकला.

भक्तनिवासात नेमकी इथेच अडचण येते. खोल्या तीन-चार माणसांच्या, म्हणजे गट आठ-दहा दारांआड विखुरतो. शेजारच्या खोलीत अनोळखी यात्रेकरू असतात. लेकरं आतून कडी लावून झोपतात आणि आत कुणाला ताप चढला तरी बाहेर पत्ता लागत नाही. यावर उपाय एकच: खोल्या घेऊ नका, सभागृह मागा. सभागृह नसेल तर एकाच मजल्यावरच्या सलग खोल्या घ्या, जिन्याजवळच्या पहिल्या खोलीत मोठ्यांनी राहावं आणि प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली रात्रभर आपल्याकडे ठेवायला कार्यालयाकडून आधीच कबूल करून घ्यावी. सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती लागतात, त्या आधीच काढून ठेवा.

आखाड्यावर दार नावाला असतं. पत्र्याची एक खोली, तीही खताच्या पोत्यांनी भरलेली, म्हणजे झोपणं तंबूत किंवा उघड्यावर. तिथे दोघादोघांचा पहारा दोन-दोन तासांनी बदलत रात्रभर लागतो आणि चार माणसांत तो ओढून-ताणूनच बसतो. आखाड्यासाठी मोठी माणसं ६ धरा.

तिन्ही ठिकाणी एक नियम सारखाच: कुणीही मोठा माणूस कुठल्याही लेकराबरोबर बंद दाराआड एकटा असणार नाही, मग ते औषध द्यायला असो की समजूत काढायला. आणि काही वावगं घडल्याचं कानावर आलं तर ते मंडळाच्या बैठकीत मिटवायचं नसतं. लेकरांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ११२ हा पोलिसांचा आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक लेकरांनाही पाठ असू द्या.

संडास आणि पाणी

ही बाब सगळ्यात कमी विचारली जाते आणि सहल सगळ्यात जास्त हिच्यामुळेच बिघडते. हिशोब साधा आहे. ३४ माणसं, प्रत्येकी ७ मिनिटं: संडास ४ असतील तर सकाळचा एक तास जातो, २ असतील तर दोन तास. दुसऱ्या तासाला पोरं झुडपं शोधायला लागतात आणि पांगतात.

भक्तनिवास इथे सरळ पुढे आहे. शाळेत संडास असतात, पण सुटीच्या दिवशी किल्ली शिपायाच्या खिशात आणि टाकी कोरडी. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेतानाच त्या दोन दिवसांसाठी शिपायाची हजेरी आणि टाकी भरण्याचं नक्की करा. आखाड्यावर संडास नसेल तर मुलींचा गट तिथे नेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चार बांबूंना हिरवी जाळी बांधून केलेला आडोसा रात्री टॉर्चच्या उजेडात आरपार दिसतो. मग मुली संध्याकाळपासून पाणी पिणं सोडतात आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, चक्कर येते.

पिण्याचं पाणी माणशी ३ लिटर, म्हणजे ३४ जणांना १०२. २० लिटरचे ६ जार घ्या. वापरायला माणशी १५ लिटर धरलं तर ५०० च्या पुढे लागतं, आणि फेब्रुवारीनंतर बऱ्याच गावांत एवढं पाणी मागणंच बरं दिसत नाही. बोअरचं पाणी उकळून प्या. जलसंजीवनीची (ओआरएस) १० पाकिटं ठेवा. संपली तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

साप, विंचू आणि जमिनीवरचं अंथरूण

आखाडा धोक्याचा आणि शाळा सुरक्षित, असं इथे धरून चालू नका. दिवाळीच्या सुटीत बंद राहिलेला वर्ग, कोपऱ्यात रचलेली मोडकी बाकं आणि दाराखाली दोन बोटं फट असेल तर विंचू आणि मण्यार दोघांनाही तेवढं पुरतं.

मण्यारीबद्दल प्रत्येक मोठ्या माणसाला नीट ठाऊक असलं पाहिजे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं बहुतेक वेळा कळतही नाही. ना आग, ना सूज. पहाटे लेकरू पोट दुखतंय, मळमळतंय म्हणून उठतं. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, शब्द अडखळतात, थुंकी गिळता येत नाही. रात्रीच्या जेवणाचा त्रास समजून ओवा देऊन पुन्हा झोपवलं तर श्वास थांबेपर्यंत कुणाला कळत नाही. जमिनीवर झोपलेलं लेकरू पहाटे पोटदुखीने उठलं की आधी त्याच्या डोळ्यांवर उजेड धरून पापण्या बघा. शंका आली तरी निघा. खूण सापडण्याची वाट बघू नका.

चावलेला अवयव दोन लाकडी पट्ट्या बांधून हलणार नाही असा ठेवा, अंगठी-कडं काढा, चालायला लावू नका. करकचून बांधणं, चिरा मारणं, लिंबाचा पाला चारणं, देवाला नेणं, काहीच करू नका. आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरही चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही.

लाल विंचू चावला आणि नुसती ठणक असेल तर बरं. घाम, ओकाऱ्या, गार पडलेले हातपाय दिसले तर हृदयावर ताण आलेला असतो. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये काम करून यावर प्राझोसिन हे औषध रुळवलं, आणि त्यामुळे लेकरं वाचतात. ते डॉक्टरांनीच द्यायचं असतं, म्हणून लवकर पोचणं महत्त्वाचं.

बचावाला महाग काही लागत नाही. मच्छरदाणी लावून तिची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचायची. अंथरूण भिंतीपासून दीड फूट दूर. दाराखालच्या फटीत गोणपाट. बूट झटकून घालायचे. आखाड्यावर तंबू कडब्याच्या गंजीपासून आणि दगडी बांधापासून लांब, आणि त्याची चेन सतत बंद. पलंग मिळणारी जागा या बाबतीत सरस, म्हणजे पुन्हा भक्तनिवासच.

आखाड्याचे स्वतःचे धोके

पौष-माघात हुरडा, शेकोटी, चांदणं यांचं लेकरांना फार अप्रूप असतं आणि ते रास्तही आहे. शहरातल्या पोरांना रान दाखवणं मोलाचंच. म्हणून आखाडा बाद करा असं आम्ही म्हणत नाही. जागा मात्र कठोरपणे तपासा.

पहिलं शेततळं. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याचे काठ शेवाळाने इतके गुळगुळीत होतात की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. तळ्याला कुंपण आणि फाटकाला कुलूप असेल तरच ती जागा चालेल. बिनकठड्याच्या विहिरीलाही हाच नियम.

दुसरं वीज. शेतीची लाइन पुष्कळदा रात्री येते आणि स्टार्टरचा ऑटो स्विच चालू असला की मोटार आपोआप सुरू होते. मालकाकडून तो बंद करून घ्या. काही जण रानडुकरांसाठी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, विजेची तार सोडतात. बेकायदेशीर आहे, तरी सोडतात. मालकाला तर विचाराच, शेजारच्या चारही शेतकऱ्यांनाही विचारा, आणि अंधार पडल्यावर धुरा ओलांडायची सक्त मनाई करा.

तिसरं काळी माती. तासभर पाऊस झाला की गाडीवाटेत चाक रुततं आणि मग १०८ ची रुग्णवाहिकाही आखाड्यापर्यंत येत नाही. डांबरी रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरपेक्षा आत असलेली जागा सोडा, आणि आपली गाडी आत न नेता रस्त्याच्या कडेलाच उभी करा. १०८ ला जमिनीचा गट नंबर सांगून उपयोग नाही. जवळचा फाटा सांगा आणि तिथे टॉर्च घेऊन दोघांना उभं करा.

शेकोटी गंजीपासून लांब, शेजारी दोन बादल्या पाणी. नायलॉनचं जाकीट घातलेल्या लेकराला मागच्या रांगेत बसवा. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत किंवा बंद वर्गात घेऊन झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पारा १० अंशांच्या खाली सहज जातो, तेव्हा माणशी दोन पांघरुणं सांगा.

महिना आणि तिथी

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ तिन्ही जागांना मानवतो. उन्हाळ्यात आखाडा नको: ऊन आहेच, शिवाय एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात विजा पडतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदही लागत नसतील तर पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा. तंबू आणि पत्र्याची खोली ही पक्की इमारत नव्हे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाइलमध्ये ठेवा.

भक्तनिवासासाठी मात्र थंडीतही पंचांग बघावं लागतं. मार्गशीर्षात अंबाजोगाईला योगेश्वरीचा उत्सव आणि माहूरला दत्तजयंती, पौषात तुळजापूरला शाकंभरी नवरात्र, आणि महाशिवरात्रीला औंढा, परळी, घृष्णेश्वर. या दिवसांत सभागृह मिळत नाही आणि गर्दीत लेकरू चुकतं.

मग कुठे जायचं?

पहिलीच सहल, किंवा गटात निम्म्याहून जास्त लेकरं घराबाहेर कधी राहिलेली नाहीत: भक्तनिवासाचं सभागृह, तेही मोठा दवाखाना असलेल्या गावात. अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे, म्हणून यादीत ते वर ठेवावं. नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या यात्रीनिवासांजवळ लंगर असल्याने स्वयंपाकाचा व्यापच उरत नाही.

गट रुळलेला आहे, दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं आहे, खेळ-गाणी-श्रमदान करायचं आहे: शाळा. रात्री दहाला गाणी म्हणायला भक्तनिवासात कुणी देणार नाही.

गट जुना, वयं १५ च्या पुढची, मोठी माणसं ६, संडास आहे, तळ्याला कुलूप आहे, रस्ता जवळ आहे: मग आखाडा, आणि एकच रात्र. यातली एक जरी अट बसत नसेल तर हुरडा दिवसा खा आणि झोपायला शाळेत या.

कुठेही गेलात तरी गाडी आणि चालक रात्रभर तिथेच हवेत, टाकीत डिझेल हवं आणि चालकाला झोपायला वेगळी, शांत जागा हवी. गावोगावी एसटीने फिरत असाल तर मुलींना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, पण मुक्कामी एक गाडी भाड्याने ठेवाच. प्रवास रात्री दहा ते पहाटे पाच करू नका. मोजणी रात्री दहा, दोन आणि पाचला, डोकी मोजून नव्हे तर नावं वाचून. लघवीला उठायचं ते तिघांनी मिळून.

जागा ठरवण्याआधी पाहणी कराच, आणि ती अंधार पडल्यावर. आठ वाजता संडासाचा दिवा लागतो का, नळाला पाणी येतं का, झोपायच्या नेमक्या जागी मोबाइलला रेंज येते का, ते बघा. मग तिथून जवळच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत गाडी चालवत जा, घड्याळ लावा, आणि रात्रपाळीला डॉक्टर असतात का, सर्पविषाची लस शिल्लक आहे का, हे आत जाऊन विचारा. अर्ध्या तासापेक्षा जास्त लागला तर दुसरी जागा शोधा.