नळाचं पाणी की वीस लिटरचा कॅन? नागपुरात कायदा कुठे जास्त पाठीशी

नागपूरच्या नळाला पेंच आणि कन्हान नद्यांचं पाणी शुद्ध होऊन येतं. १९७४ चा जल प्रदूषण कायदा नदी-जलाशयात घाण सोडायला मनाई करतो, तर नळाच्या पाण्याची कसोटी आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकावर लागते: १०० मिली पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) शून्य, गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक), मोकळं क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. हे क्लोरीनच नळाची खरी ताकद, कारण ते पाइपातही जंतूंशी लढत राहतं. घात होतो तो पाणी बंद असताना. दाब गेला की गळक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरतं, आणि नळाला थेट टुल्लू पंप लावला तर ही ओढ आणखी वाढते.

सीलबंद कॅनला अन्नसुरक्षा कायदा लागू. त्यावर १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख हवीच. लग्नात येणारा सील नसलेला थंड जार मात्र 'पॅकबंद' ठरत नाही. शिवाय आरओ शुद्धीकरण यंत्रात क्लोरीन निघून जातं, त्यामुळे अस्वच्छ जारात जंतू बिनधास्त वाढतात.

म्हणून रोजच्यासाठी आमचा कौल नळालाच. क्लोरोस्कोपमध्ये (क्लोरीन तपासायच्या छोट्या संचात) नळाचं पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही, तर क्लोरीन संपलेलं आहे. असं पाणी खळखळून एक मिनिट उकळा आणि महापालिकेकडे लेखी तक्रार करा. पाणीपुरवठा हे तिचं कायद्याने बंधनकारक काम आहे. सुट्या जारवाल्याला असं बंधन नाही.