मरळ माशाच्या गळाचा सेट: सोलापूरजवळच्या एकरुख तलावावर चार रविवार वापरून

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईतल्यांची सोय होईल. रॉडला पैकीच्या पैकी, दोऱ्याला बरे गुण, रीळ काठावर पास. सोबत आमिष म्हणून आलेल्या तीन रबरी बेडकांपैकी एकच कामाचा. सगळ्याचे मिळून २,८५० रुपये पडले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे गुण दिल्याशिवाय हात थांबत नाही.

सेट घेतला आप्पांसाठी, माझ्या वडिलांसाठी. त्यांनी साखर पेठेत चाळीस वर्षं मागावर काढली. गुडघे गेले तसा माग सुटला, पण गळ काही सुटला नाही. बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), तरंगायला जोंधळ्याच्या चिपाडाचा तुकडा आणि गळाला गांडूळ. एवढ्यावर चिलापी, शिंगटे मिळायचे. अडचण अशी की मरळ बसते आत, गवता-शेवाळाच्या बेचक्यात, आणि तिथवर बांबू पोचत नाही. काठावर उकिडवं बसणंही आता त्यांना जमत नाही.

मला ही कल्पना सुचली अमेरिकेतले व्हिडिओ बघून. तिकडे वसंतात पाणी जरा कोमट झालं की बास नावाचा मासा अंडी घालायला उथळ पाण्यात येतो, आणि माणसं म्हाताऱ्या बापाला होडीत घालून निघतात. अंगात स्वेटर, हातात कॉफी. बास आपल्या तलावात नाही. पण तो ज्या रबरी बेडकावर झडप घालतो, त्याच बेडकावर आपली मरळही येते. फरक एवढाच, आपल्याकडे चैत्रात साडेनऊला टाळू तापते. म्हणून आम्ही जुळे सोलापुरातून पाचला निघायचो, वाटेत आप्पांना घ्यायचं, आणि तुळजापूर रस्त्यानं उजाडता उजाडता हिप्परग्याला, म्हणजे एकरुखच्या काठी. एकरुख तलाव इंग्रजांनी बांधला, १८७१ साली. पाडव्यानंतर पाणी मागं सरकतं, मग काठचं गवत अर्धं पाण्यात अर्धं बाहेर राहतं, आणि मरळीला तेच आवडतं. शिवाय ही बाई हवेतून श्वास घेते. दर थोड्या वेळानं वर येऊन एक घोट हवा गिळते, ‘गुडूक’ असा आवाज होतो. कुठं टाकायचं ते तीच सांगते.

रॉड सात फुटी, दोन तुकड्यांचा. हलका आहे पण लेचापेचा नाही. आप्पा घडीच्या खुर्चीत बसून वीस-पंचवीस मीटर आत बेडूक टाकतात. टाकताना मागं वेडी बाभूळ नाही ना, तेवढं बघा. पहिला अर्धा तास आमचा बाभळीतून बेडूक सोडवण्यातच गेला.

दोरा वेणीचा आहे, म्हणजे बारीक धागे गुंफून केलेला, शंभर मीटर. ह्याच्यावरून मोठी गंमत झाली. वेणीच्या दोऱ्याला पुढं हातभर तंगूस जोडावा लागतो. आप्पा म्हणाले, “आन हिकडं.” मागावर ताण्याचा (उभा) धागा तुटला की मारतात ती गाठ त्यांनी डोळे मिटून मारली. त्या गाठीवर आमचं घर उभं राहिलंय. पहिल्याच फेकीला बेडूक तंगुसासकट सुटला आणि तळ्याच्या मध्यावर जाऊन बसला. (चपला काढून मीच आणला.) आप्पा पाच मिनिटं काही बोलले नाहीत. नुसता दोरा चिमटीत धरून चोळत होते. मग म्हणाले, “सुताला लव असती, म्हणून गाठ धरती. ह्याला लवच न्हाई, साबणावानी हाय. हे कुठलं धरतंय?” मग त्यांनी सात वेढे घेतले, गाठ थुंकीनं ओली केली आणि सावकाश आवळली. ती पुढचे तीन रविवार टिकली. कंपनीनं गाठीचा कागद खोक्यात घालायला काय हरकत होती?

रिळाबद्दल माझी खरी तक्रार आहे. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरा ताणात सोडणारी सोय, एकसारखा सुटत नाही, अडखळत सुटतो. तिसऱ्या रविवारी दोरा अडवणाऱ्या तारेची स्प्रिंग ढिली पडली, तेव्हापासून ती तार हातानं पाडावी लागते. विकणाऱ्याला फोटो पाठवला, ‘तपासून सांगतो’ असं उत्तर आलं. अजून तपासतायत.

बेडूक आतून पोकळ असतो आणि दोन्ही गळ त्याच्या पाठीला चिकटून वर तोंड करून बसतात, म्हणून गवतातून अडकत नाही. माशानं दाबला की रबर चेपतं आणि गळ उघडे पडतात. म्हणूनच ओढायची घाई करायची नाही. दुसऱ्या रविवारी पाणी फुटल्यासारखा आवाज झाला, मी दचकून हिसका दिला आणि बेडूक उडून माझ्याच पायाशी आला. आप्पा वैतागले. “खाऊ दे की तिला! ताटावरनं उठवतीस व्हय?” आता मी मनात तीन आकडे मोजते. तिसऱ्या रविवारी आप्पांनी मोजले आणि मरळ आली. घरी तराजूवर सव्वा किलो भरली. ओल्या पोत्यातून साखर पेठेत नेली, तरी मोरीतल्या बादलीतून उडी मारून ती आईच्या पायावर पडली. आईनं मला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. कालवण झाल्यावर मात्र म्हणाली, काटे कमी आहेत.

चौथ्या रविवारी गवताच्या कडेला पाणी लालसर खदखदताना दिसलं. मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, आणि खाली राखणीला आई-बाप. अशा वेळी बेडूक पिल्लांवरून नेला की राखण करणारी मरळ हटकून झडप घालते, व्हिडिओत दाखवतात तसं. मी रॉड पुढं केला. आप्पांनी तो माझ्या हातातून घेतला, दोन तुकडे वेगळे केले आणि पिशवीत घातले. “लेकरावर हाय ती. भाकरी काढ.” सात वाजले नव्हते. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाऊन आम्ही परत आलो.

घेणार असाल तर रॉड घ्या, रीळ वेगळं आणि चांगलं घ्या. तलावांचा मासेमारीचा ठेका दिलेला असतो, तेव्हा काठावरच्या मच्छीमारांना आधी विचारा. आम्ही विचारलं, त्यांनी हसून जागा दाखवली. बेडकांपैकी काळा चालतो. त्याचा एक पाय मरळीनं खाल्लाय तरी चालतो. हिरव्याच्या पोटात पाणी शिरतं. पिवळ्याकडे मरळीनं ढुंकून पाहिलं नाही, तो सध्या माझ्या मुलाच्या आंघोळीच्या बादलीत आहे, गळ काढून.