दुभत्या गाईच्या लाथा किती दिवस खायच्या?

सकाळी सहाची प्रॅक्टिस. नागपुरातली डिसेंबरअखेरची थंडी, ग्राउंडवर दव, पोरं जर्सीच्या बाह्या ओढून बोटं आत लपवत पळताहेत. सहा चाळीसला गेटपाशी बाइक थांबते आणि आमचा नऊ नंबर, म्हणजे गोल करणारा स्ट्रायकर, उतरतो. मफलर, जीन्स, बूट पिशवीत. कोच विचारतो, "काहून बे?" तो म्हणतो, "सर, रात्री उमरेडले मॅच होती न."

म्हणजे लीगचा सामना दोन दिवसांवर असताना हा पठ्ठ्या पैसे घेऊन दुसऱ्याच कुणाच्या टूर्नामेंटमध्ये खेळून आला होता, आणि ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही.

मी या फुटबॉल क्लबचा मॅनेजर. टीव्हीवर दिसतो तसा सूटबुटातला नव्हे. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे जर्सी धुवायला टाकणारा, नोंदणीचे फॉर्म भरणारा आणि कुणाचा गुडघा गेला की त्याला दवाखान्यात नेणारा. संघ निवडतो तो कोच. वयाने माझ्याहून बराच लहान, मला भाऊ म्हणतो. त्या दिवशी प्रॅक्टिस संपल्यावर तर्री पोह्यांच्या ठेल्यावर त्याने प्लेट हातात धरूनच विचारलं, "भाऊ, याचं काय करू? बसवू, हाकलू, की गप राहू?" लीगचे चार सामने उरलेत. आतापर्यंतच्या आमच्या चौदा गोलांपैकी नऊ याच पोराचे. तर्री गार झाली तरी उत्तर निघेना, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो.

असा विषय निघाला की लोक कोचाची कोचाशी तुलना करतात. फर्ग्युसन कडक, अँचेलॉटी मवाळ, मोरिन्यो भांडखोर. त्यातून निर्णय घ्यायला काही मदत होत नाही, कारण आपला कोच काही उद्या सकाळी फर्ग्युसन होऊन उठणार नाही. एकच कोच, त्याचे दोन खेळाडू आणि दोघांशी दोन तऱ्हांचं वागणं, अशा जोड्या शेजारी ठेवून बघितल्या की जास्त कळतं.

सुरुवात मँचेस्टर युनायटेडचा जुना कोच फर्ग्युसन याच्यापासूनच करू. त्याने लाथाडलेला बूट बेकहॅमच्या भुवईला लागला, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, सोडतो. 25 जानेवारी 1995 ला क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर युनायटेडच्या एरिक काँटोनाला लाल कार्ड मिळालं आणि बाहेर जाता जाता त्याने एका प्रेक्षकाला उडी मारून लाथ घातली. खटला झाला, सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आली. त्या मोसमात युनायटेडचं विजेतेपद एका गुणाने गेलं. त्याला हाकलायला याहून चांगलं कारण कुठल्या कोचला मिळालं नसतं. उन्हाळ्यात काँटोना कंटाळून पॅरिसला निघून गेला, तर फर्ग्युसन त्याच्या मागे पॅरिसला गेला. पत्रकारांना चुकवण्यासाठी हेल्मेट घालून मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून तो त्याला भेटायला पोहोचला. पुढच्या मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही युनायटेडकडे आले. 1996 च्या कप फायनलमध्ये लिव्हरपूलविरुद्धचा एकमेव गोलही काँटोनाचाच.

आता याच फर्ग्युसनचा डिफेंडर याप स्टाम बघा. ऑगस्ट 2001 मध्ये स्टामचं आत्मचरित्र आलं, गवगवा झाला आणि महिना संपायच्या आत तो इटलीच्या लात्सिओ क्लबला विकला गेला. फर्ग्युसनचं म्हणणं असं की कारण पुस्तक नव्हतं, दुखापतीतून उठलेल्या डिफेंडरसाठी मोठी रक्कम आली होती. असेलही. पण त्याच्या जागी आला 35 वर्षांचा लॉरां ब्लां, आणि सलग तीनदा विजेता ठरलेला संघ त्या मोसमात तिसरा आला. स्टामला विकणं ही चूक होती, हे फर्ग्युसनने नंतर स्वतःच कबूल केलं. लाथ मारणारा राहिला, पुस्तक लिहिणारा गेला! गुन्ह्याच्या वजनावर निकाल ठरत असता तर हे उलटं व्हायला हवं होतं. काँटोनाची जागा भरणारा कुणी नाही, हे फर्ग्युसनला पक्कं ठाऊक होतं. स्टामच्या बाबतीत तो हिशेब चुकला.

दुसरी जोडी मला सगळ्यात जवळची वाटते, कारण ती आमच्या सहा चाळीसच्या बाइकशी थेट जुळते. युनायटेडचाच तेव्हाचा कोच एरिक टेन हाग, साल 2022. 19 ऑक्टोबरला टॉटनहॅमविरुद्ध रोनाल्डोने बदली म्हणून उतरायला नकार दिला आणि सामना संपायच्या आत बोगद्यातून निघून गेला. पुढच्या सामन्यातून त्याला वगळलं, वेगळी प्रॅक्टिस करायला लावली. मग तो परत आला, पण मनातली अढी काही गेली नाही. नोव्हेंबरात त्याने टीव्हीवर मुलाखत देऊन कोचबद्दल आपल्याला आदर नाही असं सांगितलं आणि 22 नोव्हेंबरला करार संपला. एवढ्या मोठ्या खेळाडूचे क्लबला पैसेही मिळाले नाहीत.

त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते. 31 डिसेंबरला वुल्व्ह्‌जविरुद्ध मार्कस रॅशफर्ड सुरुवातीच्या अकरात नव्हता. ऐन भरात असलेला खेळाडू. कारण एवढंच की सकाळी झोप लागली आणि बैठकीला उशीर झाला. टेन हागने सामन्याआधी जगासमोर शिस्तीचा मुद्दा आहे एवढंच सांगितलं, तपशील सांगितला नाही. मध्यंतरानंतर रॅशफर्डला उतरवलं, 76 व्या मिनिटाला त्याने गोल केला आणि सामना 1-0 ने जिंकला. नंतर त्याने स्वतःच सांगून टाकलं की झोपून राहिलो, नियम आहे, मान्य आहे. विषय तिथेच मिटला.

दोन्हीकडे कोच तोच, क्लब तोच, शिक्षाही पहिल्या दिवशी जवळपास सारखीच. फरक असा की रॅशफर्डला त्याची शिक्षा किती मिनिटांची आहे ते कळलं होतं, आणि ती भोगून झाल्यावर त्याच्यासाठी संघात जागा होती. रोनाल्डोला 37 व्या वर्षी कळत होतं की माफी मागितली तरी आपण बाकावरच बसणार. त्याचा प्रश्न शिस्तीचा नव्हताच, जागेचा होता. कोचने हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की सगळा विचका होतो. एखादा आपल्या खेळाच्या पद्धतीत बसत नसेल तर तसं तोंडावर सांगावं, उशिरा येतो हे निमित्त शोधत बसू नये. मोरिन्योने चेल्सीत हुआन माताशी असंच केलं. सलग दोन वर्षं क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, वागण्यात नाव ठेवायला जागा नाही, पण कोचला हव्या त्या पद्धतीत बसत नव्हता. जानेवारी 2014 मध्ये तो 3.71 कोटी पौंडांना युनायटेडला गेला आणि कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. मोरिन्योच्या बाबतीत हे नवलच म्हणायचं.

तिसरी जोडी आर्सेनलची, आणि इथे आमचा कोच कान देऊन ऐकेल, कारण आर्सेनलचा कोच अर्टेटा त्याचा देव आहे. ऑबामेयांग कर्णधार होता. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी घेऊन परदेशी गेला आणि उशिरा परतला. कर्णधारपद काढलं, संघाबाहेर काढलं, फेब्रुवारीत तो फुकटात बार्सिलोनाला गेला. अर्टेटाचे भक्त सांगतात की तिथूनच संघाची घडी बसली, आणि ते खरंही आहे. पुढच्या मोसमात आर्सेनल दुसऱ्या क्रमांकावर आलं. पण मधल्या पाच महिन्यांचं कुणी बोलत नाही. त्याच्या जागी नवा स्ट्रायकर घेतला नाही, उरलेल्या लाकाझेटचे अख्ख्या मोसमात लीगमध्ये चार गोल झाले, आणि युरोपातल्या चँपियन्स लीगची जागा दोन गुणांनी टॉटनहॅमने नेली. ऑबामेयांगने त्याच काळात बार्सिलोनासाठी लीगमध्ये 11 गोल केले. घडी बसली, तिची किंमत मात्र मोजावी लागली.

आणि दुसरीकडे ग्रानिट झाका. ऑक्टोबर 2019 मध्ये स्वतःच्या मैदानावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तर याने कानाला हात लावून आणखी ओरडा असं खुणावलं, जर्सी काढली आणि आत निघून गेला. तेव्हाचे कोच उनाय एमरी यांनी कर्णधारपद काढून घेतलं. डिसेंबरात अर्टेटा आला तेव्हा झाका बर्लिनला जायच्या तयारीत होता. अर्टेटाने त्याला बसवून समजूत घातली, थांब म्हणाला. तो पुढे साडेतीन वर्षं थांबला, आणि 2023 मध्ये लेव्हरकुसेनला गेल्यावर पहिल्याच वर्षी एकही सामना न हरता जर्मन लीग जिंकला. लोकांसमोर जास्त अपमान कुणी केला? झाकाने. तरी तो राहिला. त्याचं भांडण गॅलरीशी होतं, प्रॅक्टिसला मात्र तो वेळेवर येत होता. सकाळचं ग्राउंड सांभाळणाऱ्या माणसाला हा फरक लगेच कळतो.

विकून मोकळं होणाऱ्यांत ग्वार्डिओलाचं नाव पहिलं घेतात. 2008 मध्ये बार्सिलोनात आल्या आल्या त्याने रोनाल्डिन्यो, डेको आणि एटो तिघांनाही जा म्हणून सांगितलं. दोघे गेले, एटो गेलाच नाही. मग ग्वार्डिओलाने शब्द गिळला आणि त्याला खेळवलं. एटोने लीगमध्ये 30 गोल केले, रोमला झालेल्या चँपियन्स लीगच्या फायनलमध्ये पहिला गोलही त्याचाच. नंतर 2009 मध्ये त्याला इंटर मिलानला देऊन इब्राहिमोविच आणला, आणि 2010 च्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाला बाहेर काढणाऱ्या इंटरमध्ये एटो होता.

शब्द गिळण्यावरून मँचेस्टर सिटीचा तेव्हाचा कोच मँचिनी आठवतो. सप्टेंबर 2011, म्युनिकला त्याचा स्ट्रायकर तेवेझ उतरायला तयार नाही, आणि मँचिनी कॅमेऱ्यासमोर बोलून बसला की हा माझ्यासाठी पुन्हा खेळणार नाही. तेवेझ अर्जेंटिनाला जाऊन गोल्फ खेळत बसला. फेब्रुवारीत त्याने माफी मागितली, मार्चमध्ये चेल्सीविरुद्ध उतरून विजयी गोलाचा पास दिला, एप्रिलमध्ये नॉर्विचविरुद्ध तीन गोल केले, आणि सिटी फक्त गोलफरकावर विजेती ठरली. मँचिनी हट्टाला पेटून बसला असता तर ते गोल कुठून आले असते? उलट टेन हागच्याच हाताखाली 2023 मध्ये जेडन सांचोने कोचाला सोशल मीडियावर खोटं पाडलं, दोघांपैकी कुणी मागे हटलं नाही. सांचो चार महिने एकटा पळत राहिला, मग डॉर्टमुंडला उधारीवर गेला आणि चँपियन्स लीगची फायनल खेळला. युनायटेड लीगमध्ये आठवं आलं.

आता आमच्या पोह्यांच्या ठेल्यावर परत येऊ.

यातलं विकणं आमच्या कामाचं नाही. आमच्या खेळाडूला विकायला गिऱ्हाईक नाही आणि त्याला आम्ही पगारही देत नाही. रेल्वे किंवा पोलिसांच्या संघात खेळाडू नोकरीत असतो, तिथे साहेबाचा एक फोन पुरतो. आम्ही देतो बूट, येण्याजाण्याचं पेट्रोल आणि मॅचनंतर पोहे. या पोराला उमरेडला एका रात्रीचे जेवढे मिळतात तेवढे आम्ही महिनाभरात देत नाही. त्याचे वडील ऑटो चालवतात. हे लक्षात न घेता त्याला 'गद्दार' म्हणणं सोपं आहे. आमच्या कोचने परवा म्हटलंही. कामठीत जन्मलेला माणूस आहे, तिथे फुटबॉल म्हणजे घरचं कार्य, त्यामुळे क्लब सोडून पैशासाठी खेळणं त्याच्या डोक्यातच शिरत नाही.

गप राहायचं म्हटलं तर तेही जमणार नाही. बाकीची पोरं बघताहेत. आमचा लेफ्ट बॅक पहाटे पेपर टाकून सहाच्या आत ग्राउंडवर असतो. नऊ गोलवाल्याला सहा चाळीस चालतं हे त्याला कळलं की तो तोंडाने काही म्हणणार नाही, फक्त येणं बंद करेल. आणि लेफ्ट बॅक शोधणं स्ट्रायकर शोधण्याहून अवघड आहे, हे कुठल्याही क्लबवाल्याला विचारा.

हाकलायचं, तर आमच्याकडेही त्या आर्सेनलसारखंच, दुसरा स्ट्रायकर नाही. बाकावर एक सतरा वर्षांचा आहे, पळतो चांगला, पण गोलसमोर आला की डोळे मिटतो. चार सामने त्याच्यावर काढायचे म्हणजे खालच्या डिव्हिजनची तयारी ठेवायची.

म्हणून माझं मत रॅशफर्डच्या बाजूने पडलं. एक अर्धा डाव, त्याहून जास्त नाही. किट घालून बाकावर बसायचं, मध्यंतराला उतरायचं. सगळ्या संघासमोर कारण एका वाक्यात: सामन्याच्या आठवड्यात बाहेर खेळायचं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही. मुख्य म्हणजे हे त्याला सामन्याच्या सकाळी यादीतून कळता कामा नये. आदल्या दिवशी कोचने त्याच्या घरी जावं, माझी स्कूटर घेऊन जा म्हटलं, आणि वडिलांसमोर न बोलता त्याला खाली बोलवून सांगावं. त्याच बोलण्यात हेही सांगावं की लीग नसलेल्या आठवड्यात उमरेडला जा, भंडाऱ्याला जा, आम्हाला आधी सांगून जा. ही सूट द्यायला कोच तयार नव्हता. "ऐसा कैसा, भाऊ?" म्हणाला. पण आपण भरू शकत नाही ते पैसे त्याने सोडावेत, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

एवढं करूनही पुढच्या आठवड्यात तो पुन्हा उशिरा आला, किंवा संघातल्या पोरांबद्दल बाहेर बोलू लागला, तर मोसम संपेपर्यंत खेळवायचं आणि पुढच्या नोंदणीला त्याचा फॉर्म भरायचा नाही. तो फॉर्म माझ्याच हातात असतो.

कोच काही वेळ गप बसला. मग त्याने विचारलं, उतरल्यावर पेनल्टी मिळाली तर? एरवी तोच मारतो. मी म्हटलं, तेव्हाही त्यालाच मारू दे.