हाइम जॉइंट की टाय रॉड एंड : तीन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

माझ्या जुन्या महिंद्रा जीपला पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आस) आणि लीफ स्प्रिंगचे पाटे आहेत. आठवडाभर ती घरच्या कामासाठी डांबरी रस्त्यावर धावते आणि सुटीच्या दिवशी मुळशीच्या डोंगरवाटांवर किंवा घाट उतरून कोकणातल्या लाल मातीत जाते. मोठे टायर बसवल्यानंतर मूळचा टाय रॉड, म्हणजे पुढची दोन्ही चाके एकत्र वळवणारा आडवा दांडा, एका दगडावर आदळून वाकला. तेव्हा मी एका कारागिराकडून जाड नळीचा नवा टाय रॉड आणि स्टीअरिंगचा जोर चाकाकडे पोचवणारी ड्रॅग लिंक करवून घेतली आणि त्याच्या सल्ल्याने चारही टोकांना हाइम जॉइंट बसवले. एका पावसाळ्यानंतर ते काढून पुन्हा टाय रॉड एंडकडे वळलो आणि त्यानंतर आणखी दोन पावसाळे पार पडले आहेत.

हाइम जॉइंट म्हणजे पोलादी कडीत फिरणारा, आरपार भोक असलेला गोल मणी. ब्रिटनमध्ये यालाच रोझ जॉइंट म्हणतात. टाय रॉड एंडमध्ये मात्र बॉल बंद वाटीत ग्रीसमध्ये बुडालेला असतो, त्याची निमुळती दांडी नकलमध्ये (ॲक्सलच्या टोकाला असलेल्या, चाकासह वळणाऱ्या भागात) घट्ट बसते आणि वर रबरी बूट, म्हणजे आवरण, असते. दोघांचे काम एकच असले, तरी एक उघडा आणि दुसरा झाकलेला, हाच माझ्या अनुभवात निर्णायक फरक ठरला.

हाइम जॉइंटचे गुण मी मनापासून मान्य करतो. बसवल्यानंतरचे पहिले दोन महिने स्टीअरिंग इतके नेमके झाले होते की चाक कुठे वळते आहे हे तळहाताला कळत असे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर चढलेले असताना ॲक्सल जितका तिरका होतो, तितका कोन हा जॉइंट शंकूच्या आकाराचे स्पेसर लावल्यावर सहज सांभाळतो. तुटण्याची भीती तर मला एकदाही वाटली नाही.

पण सप्टेंबरच्या अखेरीस रस्त्यावर स्टीअरिंग भरकटू लागले. जीप अंगणात उभी करून धाकट्या भावाला स्टीअरिंग थोडेसे डावी-उजवीकडे हलवायला सांगितले आणि मी खाली झोपून एकेका जॉइंटवर अंगठा ठेवला. ड्रॅग लिंकच्या चाकाकडील टोकाला प्रत्येक झोक्याबरोबर अंगठ्याखाली स्पष्ट ‘टक्’ जाणवत होते. जॉइंट उघडला, तेव्हा मण्याभोवती लाल मातीचा बारीक लगदा बसलेला होता आणि आतले टेफ्लॉनचे अस्तर एका बाजूला जवळजवळ संपले होते. अशा अस्तराच्या जॉइंटला ग्रीस भरायचे नसते, कारण ग्रीसला धूळ चिकटते आणि झीज वाढते. आणि एकदा अस्तर झिजले की तो बदलण्यावाचून मार्ग नसतो. कॅटलॉगमध्ये छापलेला भार खरा असतो, पण तो स्वच्छ जॉइंटचा असतो. चिखलात तो किती महिने टिकेल, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

याहून मोठी चूक मला नंतर समजली. हाइम जॉइंटला सरळ बोल्ट लागतो, म्हणून कारागिराने नकलमधले निमुळते भोक ड्रिलने सरळ केले होते आणि त्याचा परिणाम काय होईल, हे मला सांगितले नव्हते. अशा भोकात टाय रॉड एंड पुन्हा बसत नाही. लेथवर बुश (भोकात बसणारी नळी) करून ठोकण्याचा पर्याय होता, पण स्टीअरिंगच्या बाबतीत मला तो धोका पत्करायचा नव्हता. मी जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून भोक मूळचेच असलेले नकल शोधून आणले. शिवाय बोल्ट एकाच बाजूने धरलेला असेल, तर जोराच्या धक्क्याने तो वाकू शकतो. दोन्ही बाजूंना आधार देणारा कंस नसेल, तर हाइम जॉइंटचा विचारच करू नये.

आता जाड नळी त्याच जातीची आहे, फक्त टोकांना ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असलेले मजबूत टाय रॉड एंड आहेत. खरेदी करताना मी तीन गोष्टी दुकानातच पाहिल्या: निमुळती दांडी नकलच्या भोकात न डुलता बसते का, बूट दाबल्यावर भेगा दिसतात का, आणि एका टोकाचे आटे उलटे आहेत का, कारण त्याशिवाय जागेवर नळी फिरवून टो-इन (पुढची चाके किंचित आत वळलेली ठेवण्याचे माप) जुळवता येत नाही. बसवताना कॅसल नट (खाचा असलेला नट) ठरलेल्या ताकदीने आवळावा आणि तो सैल होऊ नये म्हणून खाचेतून घालायच्या स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळावा, कधीही मागे सैल करू नये. हे वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहिलेले असावे असे मला वाटते.

स्टीअरिंगचा नेमकेपणा हाइम जॉइंटइतका राहिलेला नाही, हे खरे आहे. जी गाडी केवळ स्पर्धेत उतरते, ट्रेलरवरून नेली जाते आणि प्रत्येक फेरीनंतर उघडून तपासली जाते, तिच्यासाठी मी आजही हाइम जॉइंटच सुचवीन. रस्त्यावरच्या गाडीसाठी मात्र नाही. आणि मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादा आहेत, हेही कारागिराकडे जाण्याआधी ध्यानात घ्यावे.

पाणी ओलांडून आल्यावर मी प्रत्येक निपलमध्ये बुटाच्या कडेने जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस भरतो. यंदा दसऱ्याला जीप धुतल्यावर पुन्हा अंगठा ठेवून पाहिले. चारही जोड शांत होते. डाव्या बाजूच्या बुटाला मात्र एक बारीक चीर पडली होती, म्हणून तेवढा बूट बदलून घेतला.