गोवंडीतील आमचा मोफत दवाखाना: तीन वर्षांच्या अनुभवानंतर

मी मुंबईतल्या गोवंडीत बालवाडी चालवते. गेली तीन वर्षे माझ्या वर्गातील मुलांच्या आयांना आणि आज्यांना, आणि एकदोन वेळा मला स्वतःलाही, ज्या मोफत सार्वजनिक दवाखान्याचा आधार झाला त्याविषयी हे लिहीत आहे. दवाखान्याचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्यांचा त्रास तेथे मनापासून राबणाऱ्या माणसांना होऊ नये असे वाटते. शेजारशेजारचे दोन गाळे, बाहेर बसायला पत्र्याची शेड, आत डॉक्टरांची खोली, औषधांची खिडकी आणि रक्त घेण्याचे टेबल, एवढाच त्याचा पसारा आहे. तरीही मी त्याला उत्तम म्हणते, आणि याचे पहिले कारण म्हणजे त्याची वेळ.

मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात गोवंडी आणि मानखुर्द ज्यात येतात तो एम पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारे देवनारचे डम्पिंग ग्राउंड याच विभागात आहे. खोकला, दमा आणि क्षयरोग ही येथील घराघरांतली दुखणी आहेत, आणि २०२२ च्या अखेरीस आलेल्या गोवरच्या साथीचा मोठा फटकाही आमच्याच वस्त्यांना बसला. वस्ती बहुतांशी मुसलमानांची. कुणी उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले, कुणी मराठवाड्यातून. पुरुष भंगार आणि जरीच्या कारखान्यांत, बायका घरी बसून टिकल्या-मणी लावण्यात किंवा धुण्याभांड्यांत. या सगळ्यांचे पोट रोजावर असते. मोठ्या रुग्णालयातील ओपीडी सकाळची असल्यामुळे केस पेपरसाठी पहाटे उठून रांग धरावी लागते, डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो दुपार होते, तपासणीसाठी पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलावले जाते, म्हणजे कामाचे दोन खाडे पडतात. फुकटचे औषध असे दोन दिवसांच्या मजुरीला पडते. मग माणूस गल्लीतल्या, कोणती पदवी आहे हे कुणीच न विचारलेल्या डॉक्टरकडे जातो, सुई आणि तीन पुड्या घेतो, ताप उतरतो आणि आजार आत तसाच राहतो. आमचा दवाखाना मात्र रात्री दहापर्यंत उघडा असतो. कारखाना सुटल्यावर हातपाय धुऊन चालत जाता येते, ही सोय किती मोठी आहे हे पगारी रजा मिळणाऱ्याला सहज कळणार नाही.

दुसरे कारण सांगण्यासाठी माझ्या वर्गातील एका मुलाच्या आजीची गोष्ट सांगावी लागेल. सगळी गल्ली त्यांना चाची म्हणते, मीही तेच म्हणते, आणि त्या मला ‘टीचर’ म्हणतात. पावलांना मुंग्या आणि अंगठ्यावरची न भरणारी जखम घेऊन त्या आधी एका मोठ्या रुग्णालयात गेल्या होत्या. तेथे पाट्या मराठीत, खिडकीवरचा प्रश्न मराठीत, आणि चाचींना हिंदी-उर्दूखेरीज काही येत नाही, म्हणून त्या चुकीच्या रांगेत दीड तास उभ्या राहिल्या. आत गेल्यावर मुले किती हे विचारून ‘तुमच्यात असंच असतं’ असे चारचौघांत ऐकवण्यात आले. दुखण्याचा आणि मुलांच्या संख्येचा काहीएक संबंध नव्हता. त्यानंतर वर्षभर चाचींनी कोणत्याही सरकारी दवाखान्याची पायरी चढली नाही. गरीब माणसे उशिरा येतात, अंगावर काढतात, अशी तक्रार डॉक्टर मंडळी नेहमी करतात. त्यांनी असे एखादे वाक्य किती महिन्यांचा उशीर घडवते याचाही विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या दवाखान्यात मी त्यांना जवळजवळ ओढतच नेले. बाई डॉक्टर होत्या. त्यांनी पडदा ओढला, बुरखा सावरायला वेळ दिला, आणि मोडक्यातोडक्या का होईना पण हिंदीत, ‘पैर कब से सुन्न हैं?’ असे विचारले. उपाशीपोटी रक्तातली साखर २८६ निघाली, म्हणजे मधुमेह. नर्सबाईंनी औषधांच्या पाकिटांवर पेनाने चित्रे काढली: सकाळच्या गोळीच्या पाकिटावर अर्धा उगवलेला सूर्य, रात्रीच्या पाकिटावर चंद्रकोर, आणि जेवणानंतरच्या गोळीसाठी एक ताटली. अक्षरओळख नसलेल्या चाचींनी ती पाकिटे घरी खिळ्याला ओळीने अडकवली आणि तेव्हापासून त्यांची एकही गोळी चुकलेली मी पाहिलेली नाही. पाच महिन्यांत साखर १४० च्या आसपास आली, जखमही भरली.

रमजानच्या आधीची भेट मला विशेष उल्लेखनीय वाटते. रोजे धरणारच हे चाचींनी ठरवलेले होते. डॉक्टरांनी त्यावर वाद घातला नाही. धोका काय आहे ते समजावले, गोळ्यांच्या वेळा सहरी (रोज्याआधीचे पहाटेचे जेवण) आणि इफ्तारशी (रोजा सोडतानाचे जेवण) जोडून दिल्या, मात्रा बदलली, आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा असे बजावले. बोट टोचून रक्त काढल्याने रोजा तुटतो अशी वस्तीत अनेकांची समजूत आहे. तसे नसल्याचे डॉक्टरांनी त्यांना मशिदीच्या इमामांकडून खात्री करून घ्यायला सांगितले, आणि चाचींच्या मुलाने ते विचारूनही घेतले. रुग्णाच्या श्रद्धेला उपचारात जागा दिली तर तो उपचार सोडत नाही, हे मी येथे डोळ्यांनी पाहिले.

आता तक्रारी. लघवीची तपासणी मोफत आहे, पण स्वच्छतागृह बहुधा कुलूपबंद असते, त्यामुळे बाया नमुन्याची डबी घेऊन पैसे मोजून सार्वजनिक शौचालयात जातात. कित्येक जणी लाजेने जातच नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या वर्षातून दोनदा संपल्या आणि ‘बाहेरून घ्या’ असे सांगण्यात आले. दोन्ही गोष्टी सुधारण्यासारख्या आहेत आणि त्या सुधारल्या पाहिजेत.

सर्वांत कमकुवत दुवा मात्र पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीचा आहे. दवाखान्यात जे होऊ शकत नाही त्यासाठी मोठ्या रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी मिळते, आणि तेथून रुग्ण पुन्हा एकटा पडतो. मोफत उपचारांसाठीच्या राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता ५ लाख रुपयांचे आहे. धर्मादाय रुग्णालयांना २००६ पासून १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. पण दोन्ही दारे कागदाने उघडतात. ज्याचे रेशन कार्ड गावाकडचे, परराज्यातले, त्याची गाडी पहिल्याच खिडकीवर अडते. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याचे नाव अडते: शेख हे साधे आडनाव आधारवर एका स्पेलिंगने, रेशन कार्डावर दुसऱ्या, आणि केस पेपरवर लिहिणाऱ्याच्या कानाला आले तसे तिसऱ्याच. चाचींच्या थोरल्या मुलाचे हर्नियाचे ऑपरेशन याच कारणाने दोन महिने लांबले. प्रतिज्ञापत्र, पुन्हा आधार केंद्र, पुन्हा खाडे. दवाखान्याने चिठ्ठी देतानाच आधारवरील नाव अक्षरशः उतरवून घेतले आणि मोठ्या रुग्णालयात भेटायच्या समाजसेवा अधीक्षकाचे टेबल कोणते एवढे हिंदीत लिहून दिले, तरी निम्मी पायपीट वाचेल. हे मी तेथील डॉक्टरांना सांगितले आहे आणि त्यांनी ते ऐकून घेतले आहे.

नव्याने जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की संध्याकाळी सहा ते आठ गर्दी असते, साडेआठनंतर निवांत पाहतात. साखरेच्या तपासणीसाठी रक्त द्यायचे असेल तर सकाळी उपाशीपोटी जावे. जुने सगळे कागद एका पिशवीत न्यावेत, आणि केस पेपर हातात पडताच नावाची अक्षरे आधारशी ताडून तेथेच दुरुस्त करून घ्यावीत. चाचींना आता डोळ्यांचा पडदा तपासण्यासाठी चिठ्ठी मिळाली आहे. या वेळी चिठ्ठीच्या मागे टेबलाचा क्रमांक हिंदीत लिहिलेला आहे. सोमवारी बालवाडीला सुट्टी घेऊन मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.