‘पॅरिसची पेटी’ सांगून भजनी मंडळाला फसवलं

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. कापसाचे पैसे हाती आले की इथे मंडळाची वर्गणी जमते, आणि नेमका तेव्हाच तो पेटीवाला आला. हार्मोनियम काळपट, जुनाट. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. "काकाजी, देशमुखाच्या वाड्यातून निघाली हाय. शंभर वर्षांची. आतमधी पॅरिसचे सूर. असा आवाज आता भेटत नाही." सूर म्हणजे पेटीतल्या पितळी पट्ट्या; भात्याच्या हवेने त्यांच्या जिभा थरथरतात आणि आवाज निघतो. २८,००० रुपये घेतले. उघडून दाखव म्हटलं तर म्हणे, उघडली की सूर बिघडतात. हे साफ खोटं आहे. सूर लावायचे तर पेटी उघडावीच लागते.

सप्ताहातच खर्जाचे सूर बसले. अमरावतीच्या कारागिराने पेटी खोलली आणि सगळं उघडं पडलं. सुरांखालची फळी प्लायवूडची. सांध्यांत जुन्या पेट्यांसारखा सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा चिकट पदार्थ) नाही, आजकालचा पांढरा गोंद. स्क्रू सगळेच्या सगळे फुलीच्या खाचेचे. हा स्क्रू अमेरिकेत निघाला तोच १९३० च्या दशकात. एखादा दुरुस्तीत बदलला असं म्हणता येईल, सगळे कसे? सूर घासून लावतात: जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. शंभर वर्षं वाजलेल्या पेटीत अशा घासल्याच्या खुणांवर खुणा असतात. आमच्या पितळी जिभा कोऱ्या करकरीत. कारागीर म्हणाला, सूर पालिताण्याचे आहेत. गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांना मी नावं ठेवत नाही, चांगल्या पेट्या त्यावर वाजतात. पण ते पॅरिसच्या भावाने विकणं ही लूट आहे, तीही मजुरांच्या वर्गणीची.

हाताच्या भात्याची पेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास घडवली. खोकं इथलं आणि सूर पॅरिसचे किंवा जर्मनीचे, अशा पेट्या खरोखर होत्या, आजही कुठे कुठे सापडतात. म्हणूनच त्याचं बोलणं लोकांना पटतं.

पोलिसांकडे गेलो तेव्हा पावती वाचली गेली: ‘जुनी पेटी, एक नग’. पॅरिस नाही, वर्षं नाहीत. तेव्हा सूर कुठले ते पावतीवर लिहून घ्या, आणि पेटी जाणत्या कारागिरासमोर उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. तो माणूस सध्या वणीकडच्या गावांत हिंडतोय असं कळलं. सोबत बिननावाची आणखी एक पेटी आहे, आणि तीही तो पॅरिसचीच सांगतो.