बोलका लीडर की शांत लीडर?
बोलका लीडर म्हणजे चांगला लीडर, असं आपण धरूनच चालतो. अ‍ॅडम ग्रँट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला पिझ्झा-दुकानांचा अभ्यास वेगळं सांगतो. माणसं सांगितलं तेवढंच करणारी असतील, तर बोलक्या लीडरच्या दुकानाला नफा जास्त. पण स्वतःहून सुचवणारी असतील, तर शांत लीडरचं पारडं जड.

मला हे मनापासून पटतं. मीटिंगमध्ये कोणी "हे असं केलं तर?" म्हणतं, तेवढ्यात बोलका साहेब वाक्य तोडतो. पुढच्या मीटिंगला तो माणूस वहीत रेघोट्या मारत बसतो. शांत साहेब ऐकतो, एखादा प्रश्न विचारतो, लिहून घेतो.

मात्र सगळेच गप्प असले, की हाच शांतपणा कामाला खीळ घालतो. तिथे रेटणारा माणूस हवाच.